उपग्रह-मोजणीतले मिलिमीटर किती खरे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह-प्रणालींच्या) रिसीव्हरने जागेवर नोंदवलेला डेटा कार्यालयात आणून पोस्ट-प्रोसेस करणाऱ्या, म्हणजे नंतर संगणकावर त्यातून जागा काढणाऱ्या, वाचकांची पत्रं या खेपेला बरीच आली. अहवालात छापून येणाऱ्या अचूकतेवर किती विसंबायचं, ही शंका जवळपास प्रत्येक पत्रात आहे. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : कालव्याच्या कामासाठी कंट्रोल पॉइंट (मोजणीचे आधारबिंदू) टाकतो आहोत. एका बिंदूवर तासभर स्टॅटिक (रिसीव्हर न हलवता) निरीक्षण घेतलं. बेसलाइन, म्हणजे ज्ञात जागेवरच्या ‘बेस’ रिसीव्हरपासूनचं अंतर, ६ किमी. अहवालात ‘फिक्स’ (लहरींची मोजणी पक्की झाल्याचा शेरा), आडव्यात २ मिमी, उंचीत ४ मिमी. आठवड्याने त्याच वेळी पुन्हा घेतलं. अहवाल तसाच सुंदर, पण उंची ४१ मिमीने वेगळी. दोन्ही अहवाल बरोबर कसे असतील?
— एक वाचक, बारामती

उत्तर : दोन्ही अहवाल आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत आहेत; तो प्रश्न मात्र तुमचा नाही. त्या तासाभरातली निरीक्षणं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच सॉफ्टवेअर तपासतं. बिंदू खरा कुठे आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

आकडा इतका लहान का येतो, ते आधी पाहा. दर सेकंदाला एक याप्रमाणे तासात ३६०० नोंदी झाल्या. प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं गृहीत धरलं, तर चूक ३६०० च्या वर्गमूळाने, म्हणजे ६० पटींनी कमी होते. प्रत्यक्षात जवळच्या पत्र्यावरून किंवा भिंतीवरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल, ज्याला आपण मल्टिपाथ म्हणतो, तो काही मिनिटं एकाच दिशेला ओढत राहतो. वातावरणाची चूक तर त्याहून सावकाश बदलते. समजा पाच-पाच मिनिटांचा एक गठ्ठा धरला, तर तासात खरी स्वतंत्र निरीक्षणं बाराच. बाराचं वर्गमूळ साडेतीन. साठ आणि साडेतीन यांत जेवढा फरक, तेवढा तुमचा अहवाल आशावादी.

हे घरबसल्या पडताळता येतं. तीच फाइल एकदा १ सेकंदाने आणि एकदा ३० सेकंदांच्या अंतराने प्रोसेस करा. कोऑर्डिनेट एखाद्या मिलिमीटरने हलतील, पण छापलेली अचूकता बहुतेक सॉफ्टवेअरांत पाचपटीच्या आसपास बिघडेल, कारण ३० चं वर्गमूळ ५.५ आहे. बिंदू जागच्या जागी आणि त्याची ‘अचूकता’ पाचपट बदललेली, असं ज्या आकड्याचं होतं त्यावर कालव्याचा उतार ठरवू नये.

दुसरी गोष्ट, काही चुका या आकड्यात येऊच शकत नाहीत. अँटेनाची उंची चुकीची लिहिली, बेसचे कोऑर्डिनेट चुकले, ट्रायब्रॅकचा प्लमेट (यंत्र बिंदूच्या बरोबर वर आणण्याचं साधन) बिघडलेला आहे, अँटेनाचं मॉडेल चुकीचं निवडलं, तर सगळी निरीक्षणं एकमताने चुकीच्या जागी जातात आणि अहवाल तितकाच सुंदर राहतो.

तुमचे ४१ मिमी फक्त उंचीत असतील आणि आडव्यात फरक ५-१० मिमीच असेल, तर आधी अँटेनाकडे जा. तिरकी उंची आणि उभी उंची यांतल्या गोंधळाला सगळे दोष देतात, पण नुसत्या तिरकेपणाचा परिणाम लहान असतो: १.६०० मीटर तिरकं माप, अँटेनाची त्रिज्या ९ सेंमी, तर उभी उंची १.५९७ येते, अडीच मिलिमीटरचाच फरक. घोळ होतो तो टेप कुठे लावला यात. कडेच्या खाचेपर्यंत मोजलं आणि सॉफ्टवेअरला ‘अँटेनाच्या तळापर्यंत’ सांगितलं, की खाच आणि तळ यांतलं उभं अंतर, बहुतेक अँटेनांत काही सेंटिमीटर, सरळ उंचीत जातं. रिनेक्स या सामाईक स्वरूपातल्या डेटा-फाइलच्या शीर्षकात अँटेनाचं नाव रिकामं किंवा ‘अननोन’ असेल तर त्याहून वाईट. मग तळापासून फेज सेंटरपर्यंतचं (सिग्नल प्रत्यक्ष जिथे मोजला जातो त्या बिंदूपर्यंतचं) अंतर शून्य धरलं जातं आणि उंची आणखी काही सेंटिमीटर सरकते. रिनेक्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. अँटेनाचं नाव आणि उंची या दोन ओळी बेस आणि रोव्हर (नव्या बिंदूवरचा रिसीव्हर) दोन्हींच्या फाइलींत डोळ्यांनी वाचा. दोन्ही दिवसांची फील्डबुकं शेजारी ठेवून टेप कुठपर्यंत लावला ते जुळवा. बहुतेकदा उत्तर इथेच सापडतं.

सापडलं नाही तर तिसऱ्यांदा बिंदू घ्यावा लागेल, पण वेळ बदलून. जीपीएसचे उपग्रह आकाशात २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा त्याच जागी येतात, म्हणजे रोज चार मिनिटं लवकर. आठवड्याने फरक पडला फक्त २८ मिनिटांचा. तुम्ही दोन्ही वेळा जवळपास तेच जीपीएस उपग्रह, तेच कोन आणि तोच मल्टिपाथ मोजला. (रशियाच्या ग्लोनासची रचना ८ दिवसांनी आणि युरोपच्या गॅलिलिओची १० दिवसांनी परत येते, त्यामुळे सगळ्या प्रणाली घेतल्या तर थोडी विविधता मिळते.) सकाळी घेतलेला बिंदू दुपारनंतर घ्या, मध्ये किमान तीन-चार तास जाऊ द्या. ट्रायपॉड पूर्ण उतरवून नव्याने लावा आणि उंची मुद्दाम दहा-पंधरा सेंमीने बदला. म्हणजे जुनंच माप फील्डबुकात उतरवून घेण्याची सोयच राहत नाही.

अशा जोड्यांमधून तुमची स्वतःची खरी अचूकता काढता येते. समजा सहा बिंदू दोनदा घेतले आणि उंचीतले फरक मिमीमध्ये असे आले: १२, −१८, २५, −९, ३१, −१४. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज २३३१. तिला बिंदूंच्या दुपटीने, म्हणजे १२ ने भागा: १९४. वर्गमूळ १४ मिमी. ही एका बैठकीची (एका वेळच्या सलग निरीक्षणाची) प्रमाण चूक. दोन्ही बैठकींची सरासरी वापरली तर १० मिमी. ९५ टक्के खात्रीचा आकडा हवा असेल तर १.९६ ने गुणा: एका बैठकीला २७ मिमी. अहवालातल्या ४ मिमीशेजारी हा आकडा ठेवला की ४१ मिमीचा फरकही तितका अगम्य वाटत नाही. दोन बैठकींच्या फरकाची प्रमाण चूक १४ च्या १.४ पट, म्हणजे २० मिमी. ४१ हा तिच्या दुपटीच्या काठावर आहे. अँटेना निर्दोष निघाली तर एवढा फरक क्वचित, पण नशिबानेही पडू शकतो.

एक त्रुटी मात्र उरते. दोन्ही वेळा बेस एकच असेल तर बेसची चूक या फरकांत दिसणार नाही. त्यासाठी दुसऱ्या बेसवरून किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस) स्टेशनवरून निदान दोन-तीन बिंदू घ्यावेच लागतात.

प्रश्न : आरटीकेलिब या सॉफ्टवेअरमध्ये पीपीके (फिरत्या रोव्हरचा डेटा नंतर प्रोसेस करणं) करताना रेशो ३ च्या वर आणि ९८ टक्के नोंदी फिक्स असल्या की काम पक्कं समजायचं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत पूर्ण लहरी किती, ते पूर्णांक सॉफ्टवेअर शोधतं. रेशो म्हणजे या पूर्णांकांच्या सर्वांत चांगल्या संचापेक्षा दुसरा संच किती वाईट जुळतो, त्याचं गुणोत्तर. पहिला संच खरा असल्याचं ते सिद्ध करत नाही. झाडांच्या कडेला किंवा पत्र्याच्या शेडजवळ मल्टिपाथ जोरात असला की चुकीचा संचही ३ चा उंबरठा ओलांडतो. जीपीएसच्या एल-वन लहरीची लांबी १९ सेंमी आहे. एकदोन उपग्रहांचे पूर्णांक चुकले की बिंदू काही सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत कुठेही जातो, आणि पडद्यावर हिरवाच दिसतो.

सेटिंगमध्ये ‘फिक्स अँड होल्ड’ असेल तर जास्त जपा. एकदा चुकीचा पूर्णांक पकडला गेला की फिल्टर तो पुढे धरून ठेवतो आणि ९८ टक्क्यांतला मोठा भाग एकाच चुकीवर उभा राहतो. तपासताना ‘कंटिन्युअस’ ठेवा. मग फाइल पुढून आणि उलट, अशी दोनदा स्वतंत्रपणे चालवून दोन्ही मार्ग एकमेकांवर ठेवा. दोन्हीकडे फिक्स असलेल्या जागी फरक आडव्यात २ आणि उंचीत ३-४ सेंमीच्या आत हवा. एखाद्या टप्प्यात फरक अचानक १५-२० सेंमी झाला आणि तसाच टिकला, तर दोन्हींपैकी एक फिक्स खोटं आहे. त्याखेरीज उंचीचा मास्क (क्षितिजापासून ज्या कोनाखालचे उपग्रह वगळायचे ती मर्यादा) १०, १५ आणि २० अंशांवर, आणि एकदा फक्त जीपीएस, एकदा जीपीएस-गॅलिलिओ असं चालवून बघा. खरं उत्तर या बदलांना फारसं दाद देत नाही.

प्रश्न : उपग्रहांच्या अंतिम (नंतर काटेकोरपणे काढलेल्या) कक्षांसाठी दोन आठवडे थांबलंच पाहिजे का? ग्राहक घाई करतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बेसलाइन ३० किमीच्या आत असेल तर थांबू नका. उपग्रहाच्या स्थानातली १ मीटरची चूक सुमारे २०,००० किमी अंतरावरून येते, म्हणून बेसलाइनवर तिचा परिणाम दोन कोटींत एक भाग: २० किमीला १ मिमी. उपग्रह स्वतः प्रसारित करतो त्या कक्षा तेवढ्याला पुरतात. ५०० किमीवरच्या स्टेशनवरून बेस बांधत असाल तर हीच चूक अडीच सेंटिमीटर होते. तिथे निदान एका दिवसात मिळणाऱ्या ‘रॅपिड’ कक्षा घ्याव्यात. त्या आणि अंतिम कक्षा, दोन्हींची अचूकता अडीच सेंमीच्या घरातली आहे. पीपीपीला (बेसशिवाय एकट्या रिसीव्हरच्या डेटातून जागा काढण्याला) मात्र अचूक कक्षा आणि घड्याळं हवीतच.

प्रश्न : एकाच्या पत्रकात सीईपी, दुसऱ्याच्यात आरएमएस, तिसऱ्याच्यात ९५ टक्के. तुलना कशी करायची?
— एक वाचक, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर

उत्तर : सगळं एका मापावर आणा. उत्तर आणि पूर्व दिशेची प्रमाण चूक प्रत्येकी १० मिमी आहे असं धरा. अर्धे बिंदू ज्या वर्तुळात पडतात ती सीईपी त्रिज्या १२ मिमी. दोन्ही दिशांचा मिळून आरएमएस (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १४ मिमी. ९५ टक्के बिंदूंचं वर्तुळ साडेचोवीस मिमी. यंत्र एकच, डेटा एकच. जाहिरातीत १२ लिहिता येतं आणि करारात २४.५. प्रोसेसिंगच्या अहवालांतही हाच भेद आहे. आरटीकेलिब एक सिग्मा (एकपट प्रमाण चूक) छापतं, कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी सेवा ९५ टक्क्यांचा आकडा देते, तर अमेरिकेची ओपस सेवा तीन वेगळ्या बेसलाइनच्या उत्तरांतला सर्वांत मोठा फरक दाखवते. या तिघांत ओपसचा आकडा दिसायला मोठा असतो, पण आम्हाला तोच जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो तीन निरनिराळ्या स्टेशनांची साक्ष काढतो.

यंत्राच्या पत्रकातलं ‘८ मिमी + १ पीपीएम’ साधारणतः एका सिग्माचं असतं. २० किमीला १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे २० मिमी, एकूण २८ मिमी. उंचीला याच्या दीड ते दोनपट धरा. हा आकडाही मोकळ्या आकाशाचा आहे.

प्रश्न : कार्यालयाच्या गच्चीवरचा बेस ऑनलाइन पीपीपीने काढला आणि कॉर्सवरूनही काढला. दोन्ही अहवाल सेंटिमीटरच्या आतले; उत्तरांत मात्र अर्ध्या मीटरहून जास्त फरक. कुठलं खोटं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फरकाची दिशा काढा. पीपीपीचं उत्तर ईशान्येला सरकलेलं असेल, तर बहुधा दोन्ही खरी आहेत, फक्त तारखा वेगळ्या.

भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंमी ईशान्येला सरकतो. आपल्या भागात पूर्वेकडे सुमारे ४ आणि उत्तरेकडे साडेतीन सेंमी. पीपीपी सेवा आयटीआरएफ या जागतिक संदर्भ-चौकटीत निरीक्षणाच्या दिवशीची जागा देते. कॉर्सचे कोऑर्डिनेट एका ठरावीक जुन्या तारखेला, म्हणजे ‘इपॉक’ला, गोठवलेले असतात. मधल्या प्रत्येक दशकामागे अर्धा मीटर फरक पडणारच. लोक आयटीआरएफ २०१४ की २०२० याची चर्चा करत बसतात. त्या दोहोंतला फरक मिलिमीटरांचा आहे, इपॉकचा फरक डेसिमीटरांचा.

एका कामात एकच इपॉक ठेवा. सरकारी नकाशांशी जुळवायचं असेल तर कॉर्सचाच. पीपीपीचं उत्तर त्यावर आणायचं असेल तर दोन्ही पद्धतींनी मोजलेल्या तीन-चार बिंदूंवरून सरक काढा. आणि फरक ईशान्येला नसून पश्चिमेला किंवा फक्त उंचीत असेल, तर भूपट्टाला दोष देऊ नका. पुन्हा अँटेनाची उंची बघा.

प्रश्न : तीन रिसीव्हर एकाच वेळी लावले आणि तिन्ही बेसलाइनचा त्रिकोण २ मिमीत बंद झाला (फिरून पहिल्या बिंदूवर आल्यावर एवढाच फरक उरला). एवढं क्लोजर पुरेसं ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ते क्लोजर जवळजवळ काहीच सांगत नाही. एका बैठकीत तीन रिसीव्हर असले तर स्वतंत्र बेसलाइन दोनच असतात. तिसरी पहिल्या दोघींच्याच डेटातून निघते. कोणत्याही बैठकीत रिसीव्हरच्या संख्येपेक्षा एक कमी, हा नियम. एका अँटेनाची उंची अर्धा मीटर चुकवून पाहा, त्रिकोण तरीही २ मिमीत बंद होईल. खरं क्लोजर हवं तर वळसा निदान दोन वेगवेगळ्या बैठकींतल्या बेसलाइनचा असावा. त्रिकोणाची एक बाजू दुपारी ट्रायपॉड नव्याने लावून पुन्हा मोजा आणि तीच क्लोजरमध्ये घ्या. नेटवर्क ॲडजस्टमेंटमध्येही (सगळ्या बेसलाइन एकत्र जुळवण्याच्या गणितात) उरलेल्या ‘फुकटच्या’ बेसलाइन बंद ठेवा, नाहीतर सांख्यिकी चाचणी खोट्या भरवशावर पास होते.

प्रश्न : ड्रोनच्या पीपीके कामात सहा चेक पॉइंटवर (फक्त तपासणीसाठी वेगळे मोजलेल्या बिंदूंवर) उंचीतला फरक असा: ५.८, ६.४, ७.१, ५.२, ६.९, ६.० सेंमी. सगळ्यांतून ६.२ वजा केले तर अचूकता १ सेंमीच्या आत येते. चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वजाबाकी करण्याआधी कारण शोधा. तुमच्या आकड्यांची सरासरी ६.२, विखुरणं ०.७ आणि आरएमएसई ६.३ सेंमी. विखुरणं इतकं कमी म्हणजे मोजणी नेटकी झाली आहे. एकच गोष्ट सगळीकडे सारखी चुकली आहे. संशयित ठरावीक आहेत: बेसची अँटेना उंची किंवा मॉडेल, ड्रोनवरच्या अँटेनापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर, कॅमेऱ्याचं फोकल लेंग्थ कॅलिब्रेशन, किंवा चेक पॉइंट आणि ड्रोन यांना वेगवेगळे जिऑइड (समुद्रसपाटीच्या पृष्ठाचे) मॉडेल लावलेले असणं. महाराष्ट्रात समुद्रसपाटीपासूनची उंची काढताना उपग्रहांवरून मिळालेल्या लंबवर्तुळाकार उंचीत साठ-सत्तर मीटर मिळवावे लागतात, कारण आपला जिऑइड लंबवर्तुळाच्या खाली आहे. एवढ्या मोठ्या बेरजेत दोन मॉडेलांमधले ५-१० सेंमी सहज लपतात.

कारण सापडलं तर ते दुरुस्त करून पुन्हा प्रोसेस करा. सापडलं नाही आणि नाइलाजाने सरक लावलीच, तर हे सहा बिंदू आता कंट्रोल पॉइंट झाले. त्यांच्यावरच अचूकता मोजता येणार नाही. नवे चेक पॉइंट घ्यावे लागतील. सहा तसेही थोडेच. अमेरिकेच्या एएसपीआरएस संस्थेने २०२३ च्या मानकात किमान ३० सांगितले आहेत. लहान गावठाणाला तेवढे जमले नाहीत तर निदान कडेला, मध्यावर, उंचवट्यावर आणि खोलगटात पसरवा, आणि अहवालात संख्या लिहा.

प्रश्न : बेस कोकणात, रोव्हर घाटमाथ्यावर. अंतर फक्त १२ किमी, पण पावसाळ्यात उंची रोज वेगळी येते.
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : तुमच्या बेसलाइनवर नकाशातले १२ किमी कमी आणि उभे हजार मीटर जास्त बोलतात. दमट हवा सिग्नलला उशीर करते, आणि बेस व रोव्हर यांच्यामधली ओलसर हवा रोज वेगळी असते. डोक्यावरच्या दिशेत या उशिराचा सापेक्ष अंदाज १ मिमीने चुकला, तर उंची साधारण तिप्पट चुकते. एक सेंटिमीटर चुकला तर उंचीचे तीन सेंटिमीटर गेले. सॉफ्टवेअरचं ठरावीक मॉडेल कोरड्या हवेचा भाग नीट काढतं, ओलाव्याचा नाही. बैठक दोन तासांहून मोठी ठेवा आणि ट्रोपोस्फिअरचा झेनिथ डिले (डोक्यावरच्या हवेमुळे होणारा हाच उशीर) सॉफ्टवेअरला डेटातून काढू द्या. अर्ध्या तासाच्या बैठकीत तो पर्याय लावला तर उलट बिघाड होतो. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे माथ्यावरच दुसरा बेस ठेवणं, आणि तो कोकणातल्या बेसशी एकदाच दीर्घ बैठकीने बांधणं.

आयनोस्फिअरही (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) विसरू नका. चुंबकीय विषुववृत्त केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकावरून जातं (थुंब्याला रॉकेट केंद्र झालं ते यामुळेच) आणि त्याच्या उत्तरेचा दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या आसपास येतो. आपण मधोमध. दुपारी दोनच्या सुमारास परिणाम सर्वाधिक, आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत सिग्नल थरथरून तुटतो. लांब बेसलाइन पहाटे ते सकाळी दहापर्यंत उरका.

प्रश्न : रोव्हरने २ सेंमी अचूकतेत काढलेली शेताची हद्द जुन्या टिपणाशी ४० सेंमीने जुळत नाही. शेजारी म्हणतो टिपण खरं, आम्ही म्हणतो उपग्रह.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : उपग्रहाने तुम्ही ज्या जागी काठी टेकवली त्या जागेचे कोऑर्डिनेट दिले. ती जागा हद्दीवर आहे का, हे त्याने सांगितलेलं नाही.

जुनी टिपणं ३३ फुटी साखळीने झालेली आहेत. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच, जवळपास ६३ सेंमी. अर्ध्या आण्यापर्यंत वाचन केलं असं धरलं, तरी टिपणाचं स्वतःचं माप ३० सेंमीच्या पायऱ्यांचं आहे. शिवाय साखळीचा झोळ आणि चढ-उतार वेगळे. ४० सेंमीच्या फरकाने टिपण खोटं ठरत नाही आणि तुमची मोजणीही नाही.

टिपणातल्या ज्या खुणा आजही जागेवर आहेत, जसे हद्दीचे दगड किंवा तिवढ्याची (तीन हद्दी मिळतात तिथली) खूण, त्या निदान चार तरी वेगळ्या वेळी दोनदा मोजा. टिपण त्यांच्यावर बसवा आणि प्रत्येक खुणेवर किती सेंटिमीटर उरतात ते लिहा. चारही खुणांवर ३०-४० सेंमी उरत असतील तर वादातला बांध त्या मर्यादेच्या आतच आहे, त्याहून बारीक निवाडा या कागदातून निघणार नाही. तीन खुणा १० सेंमीत आणि एकच ४० सेंमीने बाहेर असेल, तर तो दगड हलला असण्याची शंका घ्यायला जागा आहे. हे आकडे घेऊन भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा; हद्द कायम करण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि भूकरमापकापुढे ‘२ सेंमी’पेक्षा खुणांची ही यादी जास्त उपयोगी पडेल.